आमच्या इमारतीतला अचल रहिवासी

बल्ब बदलायला स्टुलावर चढू नका, असं मी यांना सांगितलं होतं. ते चढले आणि पडले. शहाण्या घरात गोष्ट इथेच संपली असती: पाय मोडला, प्लास्टर घातलं, माणूस घरी आला, बायकोने उरलेलं आयुष्य टोमणे मारले. आमच्या घरात तेवढं साधं काही होत नाही.

ज्या दिवशी दवाखान्याने यांना सोडलं, नेमकी त्याच दिवशी लिफ्टखात्याची माणसं आली आणि लिफ्टच्या दाराला सील ठोकून गेली. कारण काय, तर इमारतीचा आगीचा दाखला संपला होता. मी सेक्रेटरींना विचारलं, लिफ्टचा आणि आगीचा संबंध काय? ते म्हणाले, "काकू, आग लागली की लिफ्ट वापरायची नसते."

"मग लागलेली नाही तोवर तरी वापरू द्या."

यावर ते घसा खाकरून निघून गेले. मी चौथी पास. माझ्या प्रश्नांना शिकलेली माणसं उत्तर देत नाहीत, घसा खाकरतात.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. तेव्हा यांना खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. खुर्चीचे पाय चार, उचलणाऱ्यांचे आठ, यांचा धड पाय एक. पण तोंडं मात्र अख्ख्या इमारतीची. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक जिन्यात उभे राहून गुरुत्वमध्य म्हणजे काय ते समजावत होते. सेक्रेटरी म्हणत होते, आधी मागचे पाय उचला. समोरची शेजारीण म्हणत होती, तिच्या भावाच्या सासऱ्यांना चादरीत घालून नेलं होतं. मी विचारलं, "बरे आहेत का ते आता?" तर म्हणाली, "नाही हो, तेव्हाच गेलेले होते."

पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. प्रत्येकाला ती कशी सुटेल ते माहीत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने ती सोडवावी म्हणून वाट बघत होता. शेवटी हेच म्हणाले, "मला इथेच ठेवा."

आता पहिल्या मजल्याच्या वळणावर माणूस काही कायमचा ठेवता येत नाही. लोकांना ये-जा करायची असते. मग माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, पदरात पडलेली संधी सोडली नाही. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. "दादाला माझ्याकडे नेते. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, वहिनी." गाडी त्यांनी आधीच बोलावून ठेवलेली. मला ती तेव्हाच खटकायला हवी होती.

दोन-चार दिवसांचे किती दिवस झाले ते मी मोजले नाहीत. मोजायला बसले असते तर रडले असते, आणि मी रडत नाही. रोज संध्याकाळी वन्संचा फोन. "दादा किती शांत झोपतो हो इथे!" दुसऱ्या दिवशी, "दादाला खरं तर मीठ कमी लागतं, नाही का?" तिसऱ्या दिवशी, "दादाचा रंग उजळलाय." चाळीस वर्षं मी या माणसाच्या ताटात मीठ वाढलं. तो काळवंडला होता हे मला आत्ता कळत होतं. मी भेटायला जायचे तर हे उशीला टेकून, पुढ्यात सूप, हातात पेपर. वन्सं म्हणायच्या, "वहिनी, बसा ना." म्हणजे मी पाहुणी!

तेव्हा मी ठरवलं, लिफ्ट सुरू झालीच पाहिजे.

लिफ्टवाले म्हणाले, आगीचा दाखला आणा. अग्निशमन कार्यालय म्हणालं, आधी रहिवाशांची कवायत बघू. घंटा वाजली की सगळे जिन्याने खाली यायला हवेत, आणि प्रश्न विचारले तर उत्तरं यायला हवीत. पास झालात तर दाखला. म्हणजे यांचं घरी येणं आमच्या इमारतीच्या परीक्षेवर अवलंबून. या इमारतीत पदव्या पोत्याने आहेत, पण नळ बंद करायची अक्कल नाही.

सेक्रेटरींनी गच्चीवर वर्ग भरवला. प्राध्यापकांनी आगीचे प्रकार सांगितले. इतके सांगितले की माणसाला वाटावं, आग लागल्यावर आधी तिला नाव विचारायचं असतं. सगळ्यांना एकेक छापील कागद मिळाला: घंटा वाजताच निघा, सामान घेऊ नका, लिफ्टकडे जाऊ नका, मागे वळू नका. आमची सून एका कंपनीत माणसांना वागायला शिकवते. हो, त्याचे पैसे मिळतात. मला कोणी दिले असते तर आज मी बंगल्यात असते. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे तिची शिकवण माझ्या एकटीच्या वाट्याला येते. ती म्हणाली, "आई, आधी माहिती, मग दृष्टिकोन, मग वर्तन. तीन पायऱ्या असतात."

"आपल्या जिन्याला किती आहेत ते बघ, आणि त्या उतरायचं शिकव."

मी कागद पाठ केला. मला वाचायला वेळ लागतो, पण एकदा पाठ झालं की पाठ. समोरचीला तर येता-जाता प्रश्न विचारून मी सळो की पळो करून सोडलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही नक्की पहिल्या याल."

साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, हातात घड्याळ. त्यांनी सगळ्यांना आवारात बोलावून प्रश्न विचारले. "आग लागल्यावर लिफ्ट वापरावी का?" सगळी इमारत एका सुरात, "नाऽऽही!" शाळा तपासायला आल्यासारखं वाटलं. साहेब खूश. म्हणाले, आता आपापल्या घरी जा, कामाला लागा, मी कधीही घंटा वाजवीन.

घंटा वाजली.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. प्राध्यापक बाहेर आले आणि लिफ्टचं बटण दाबून उभे राहिले. सील ठोकलेल्या लिफ्टचं. लिफ्ट येईना म्हणून त्यांनी ते पुन्हा दाबलं. समोरची कपडे बदलत होती. घरातल्या गाऊनमध्ये चारचौघांत उतरणार कशी? सेक्रेटरी कुलूप लावून खाली गेले, कुलूप लागलंय का बघायला वर आले, आणि मग खाली गेल्यावर त्यांना आठवलं की आग विझवायचं लाल नळकांडं त्यांनी चोरीला जाऊ नये म्हणून स्वतःच्या पलंगाखाली ठेवलंय. ते पुन्हा वर. प्रत्येक मजल्यावर असंच एकेक नळकांडं असायला हवं. आमच्या मजल्यावरचं जागेवर होतं म्हणा, पण धूळ बसू नये म्हणून मी त्याला घट्ट नाडीची खोळ शिवलेली. साहेबांनी ती सोडायला घेतली तेव्हा गाठ दातांनी सोडवावी लागली. पण खोळीखाली नळकांडं कसं लखलखत होतं ते मात्र कोणी बोललं नाही.

आणि मी? मी दूध तापत ठेवलं होतं.

आता ऐकून घ्या. घंटा वाजली तेव्हा दूध वर यायच्या बेतात होतं. त्या क्षणी निघाले असते तर दूध उतू, शेगडी खराब, आणि वर तो वास. मी गॅस बंद केला. दूध झाकलं. झाकण बसेना म्हणून दुसरं घेतलं. ओटा पुसला, कारण ओटा तसाच टाकून मी आजवर मरणाच्या दारातही गेले नाही. मग चपला. मग जिना, आणि माझे गुडघे. मी खाली पोचले तेव्हा सगळी इमारत रांगेत उभी होती आणि साहेबांचं घड्याळ माझ्याकडे बघत होतं.

"आजी, तुम्ही शेवटच्या."

"मी कोणाची आजी ते माझ्या घरात ठरतं," मी म्हटलं.

साहेबांनी 'नापास' लिहिलं. म्हणाले, "माहिती उत्तम आहे तुम्हा लोकांची. वागणं बघितलं तर वाटतं, कोणी तरी दुसऱ्याच इमारतीची माहिती दिली असावी."

जिना चढताना सून हळूच म्हणाली, "आई, घंटा वाजताच निघायचं, हे तुम्हाला पाठ होतं ना?"

"पाठ आहे. दुधाला पाठ नव्हतं."

संध्याकाळी वन्संचा फोन. "नापास झालात म्हणे. काही घाई नाही हो. दादा इथे मजेत आहे." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

पण भांडी घासताना डोकं चालतं, आणि प्राध्यापकांचं नेमकं तिथेच अडतं, कारण त्यांची भांडी दुसरं कोणी घासतं. मी विचार केला: हीच माणसं कशासाठी धावत खाली येतात? कुलूप न बघता, कपडे न बदलता? मी खिडकीत बसून बघितलं. भाजीवाल्याची हातगाडी आली आणि त्याने "संपवायचंय, अर्ध्या भावात!" अशी आरोळी ठोकली की प्राध्यापक पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून उतरतात. समोरची गाऊनमध्ये उतरते. सेक्रेटरींचं दार सताड उघडं असतं.

मी भाजीवाल्याला गाठलं. सांगितलं, दिवसाअखेर उरलेला माल आमच्याच आवारात आण. आलास की इमारतीची घंटा वाजव. घंटेनंतर पाच मिनिटं अर्धा भाव, सहाव्या मिनिटाला पूर्ण. तो म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांत चार मजले कोण उतरेल?" मी म्हटलं, "तू बघच."

पहिल्या दिवशी निम्मे पाच मिनिटांत आले. ज्यांना पूर्ण भाव द्यावा लागला त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. त्यानंतर सांगायला लागलं नाही. घंटा कधी वाजेल याचा नेम नसायचा, पण ती वाजली की जिन्यात नुसता पायांचा आवाज. प्राध्यापक लिफ्टचं बटण विसरले. मी स्वतः एकदा दूध गॅस बंद करून उघडंच टाकून उतरले. टोमॅटो चांगले होते.

सून म्हणाली, "आई, हे आमच्या पुस्तकात आहे! एक कुत्रा असतो, त्याला घंटा वाजली की..."

"कुत्र्याचं मला सांगू नकोस. कुत्रा एकदा फसला की दुसऱ्यांदा येत नाही. ही शिकलेली माणसं आहेत."

आता साहेबांना पुन्हा बोलवायचं तेवढं उरलं. सेक्रेटरी कार्यालयात गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काकू, एक घोळ झालाय."

घोळ असा, की पहिला अर्ज भरताना साहेबांना दया यावी म्हणून सेक्रेटरींनी एका रकान्यात लिहिलं होतं: 'अचल रहिवासी: एक, चौथा मजला.' म्हणजे आमचे हे. पहिल्या खेपेला तो रकाना कोणी वाचलाच नव्हता. आता वाचला, तर दया आली नाही, नियम आला. ज्या इमारतीत अचल रहिवासी असेल त्या इमारतीने कवायतीत त्याला त्याच्या घरातून उचलून जिन्याने खाली आणून दाखवायचं.

"पण ते वर नाहीतच!" मी म्हटलं. "लिफ्ट नाही म्हणून तर खाली आहेत."

"तेच मी म्हटलं. साहेब म्हणाले, आधी वर न्या."

"वर नेता आले असते तर लिफ्ट कशाला हवी होती?"

"तेही म्हटलं. ते म्हणाले, खाली आणून दाखवलंत की लिफ्ट सुरू होईल, मग वर नेता येईल."

"दुसऱ्या कोणाला तरी बसवा खुर्चीत. प्राध्यापकांना बसवा, ते नाही तरी कुठे हलतात!"

"नाही. नोंद यांच्याच नावाची आहे."

मी खाली बसले. मग उठले. बसून राहायची मला सवय नाही. म्हटलं, बरं, नेऊ वर.

कवायतीच्या आदल्या दिवशी यांना आणलं. प्लास्टर निघालं होतं, नुसती पट्टी होती. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" यांच्याऐवजी वन्संच बोलल्या, "अजून नाजूक आहे हो, खूप जपायला सांगितलंय." हे पेपरात तोंड घालून बसले.

या खेपेला मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि उचलणाऱ्या चौघांच्या तोंडात एकेक चिकट गोळी घातली. मुलगा बोटीवरून आणतो तसली, दातांना धरून ठेवणारी. प्राध्यापकांना उचलायचं नव्हतं, म्हणून त्यांना दोन दिल्या. "बोलणार फक्त मी," म्हटलं. "उचला म्हटलं की उचला, ठेवा म्हटलं की ठेवा." आणि काय सांगू, खुर्ची पहिल्या वळणावरून पाण्यासारखी सरकली. जिन्यात नुसता चघळण्याचा आवाज. हे वर बसून राजासारखे, "जरा डावीकडे कलतंय," असं एकदा म्हणाले तेवढंच. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या कमरेतून कटकन आवाज आला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडायला तोंड उघडेना.

यांना घरी, त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या खिडकीपाशी बसवलं. रात्री मी ताट वाढलं. हे जेवले. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मीठ ठीक आहे ना?"

"बरोबर आहे," म्हणाले.

त्या रात्री मी भांडी घासली नाहीत. तशीच भिजत ठेवली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. सगळी इमारत खाली गेली, सून गेली, समोरची गेली. निघण्याआधी मी खिडकीतून एकदा खाली बघितलं. फाटकाशी गाडी उभी होती. गाडीशी वन्सं. त्यांच्या काखेत यांची उशी.

मला सगळं लख्ख दिसलं. इमारत पास झाली तरी दाखला त्याच क्षणी हातात पडणार नव्हता. तो कार्यालयातून सवडीने येणार, मग लिफ्टवाले सवडीने सील काढणार. सेक्रेटरी ताठ राहायचा पट्टा कमरेला बांधून हिंडत होते. यांना पुन्हा वर कोण नेणार? हे एकदा खाली गेले की गाडीत. मग पुन्हा सूप, पुन्हा उजळ रंग, पुन्हा "वहिनी, बसा ना."

जिन्यात खुर्ची आणणाऱ्यांची पावलं वाजली. आणि मी दाराला आतून कडी घातली.

घंटा वाजताच निघा. मागे वळू नका. मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. ते मनातल्या मनात म्हणतच मी कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"अगं, ते आलेत," हे म्हणाले.

"येऊ देत."

बाहेरून सेक्रेटरी, "काकू, दार उघडा! सगळे वेळेत उतरलेत, तुमच्यामुळे पाचात उतरलेत, आता तुम्हीच..."

"यांना न्यायचं नाही. आग लागली की या."

थोड्या वेळाने धापा टाकत साहेब. चार मजले जिन्याने चढले की साहेबाचाही माणूस होतो. "आजी... दार उघडा. नाही तर मी नापास लिहितो. दुसऱ्यांदा नापास म्हणजे सहा महिने अर्ज घेता येणार नाही."

जिन्यात कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं. सहा महिने लिफ्ट नाही, म्हणजे उद्यापासून इमारतीत माझं तोंड कोणी बघणार नाही. एवढं कळण्याइतकी मी शिकलेली आहे.

"लिहा," मी म्हटलं.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. मी वळून बघितलं. हे उठले होते. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. एक पाऊल. मग दुसरं, पट्टीचं. मग पुन्हा पहिलं. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सरक जरा." चालणाऱ्या माणसाला वाट द्यावी लागते. मी सरकले. त्यांनी कडी काढली.

दारात साहेब, मागे सेक्रेटरी कमरेच्या पट्ट्यासकट, त्यांच्या मागे तिघे रिकामी खुर्ची धरून. कोणाच्या तोंडात गोळी नव्हती, तरी कोणी बोलेना.

"तुम्हाला चालता येतं?" शेवटी सेक्रेटरी म्हणाले. "आणि काल... आम्ही... माझी कंबर..."

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले. काठी घ्या, पाय टेकवा, जेवढं चालाल तेवढं बरं."

"वन्संना माहीत आहे?"

"तिच्यासमोरच म्हणाले."

"मग बोलला का नाहीत? सूप जागेवर येत होतं म्हणून?"

हे इतरांकडे पाठ करून माझ्याशी बोलले, आवाज खाली घेऊन. "डॉक्टर म्हणाले, चाला. मला कळलं. पण जमिनीवर पाय ठेवला की स्टूल हलल्यासारखं वाटायचं. चालता येतं म्हटलं असतं तर घरी यावं लागलं असतं. घर चौथ्या मजल्यावर."



साहेबांनी यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि 'अचल रहिवासी: एक' यातला 'एक' खोडला. "आता हे इतरांसारखे आहेत. इतरांसारखे खाली या, म्हणजे कवायत पूर्ण."

हे उतरले. दर पायरीला एक हात कठड्यावर, एक हात काठीवर. साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. तेवढी माणुसकी कोणत्या वर्गात शिकवतात कोण जाणे. खाली अख्खी इमारत रांगेत उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी पिशवी.

"या पिशव्या कशाला?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्राध्यापक पुढे झाले. "महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी."

साहेबांनी एक पिशवी उघडून बघितली. "पण आत तर काहीच नाही."

"कारण सामान घ्यायचं नसतं," प्राध्यापक म्हणाले. "नियम."

साहेबांनी पिशवीची घडी घालून परत दिली. मग 'पास' लिहिलं. मला वाटतं, त्यांना जेवायला जायचं होतं. सेक्रेटरींना म्हणाले, "दाखला कार्यालयातून येईल. आठ-दहा दिवस लागतील."

आणि मग वन्संनी गाडीचं दार उघडलं. "चल दादा. लिफ्ट सुरू झाली की येशील परत. चार मजले चढायचे म्हणजे काय चेष्टा आहे?"

समोरची माझ्याकडे टक लावून बघत होती. सूनही. मला बोलायचं खूप होतं, डॉक्टरांचं, मिठाचं, रंगाचं. पण यांचा चेहरा बघितला. माणूस जिन्याकडे बघत होता, जसं कोणी विहिरीत बघतं तसं.

"जायचं असेल तर जा," मी म्हटलं. "मी काही धरून ठेवलेलं नाही."

"धरून नाही," हे म्हणाले. "कडी घातली होतीस."

मग वन्संच्या काखेतली उशी त्यांनी हळूच काढून घेतली आणि सूनबाईच्या हातात दिली. "येतो गं नंतर," बहिणीला म्हणाले. "चालत येईन." आणि जिन्याकडे वळले.

हे पहिल्या पायरीवर चढले. मी त्यांच्या मागे, एक पायरी खाली, उभी राहिले.

"काकू, तिथे थांबू नका!" प्राध्यापक आवारातून ओरडले. "त्यांचं वजन बघा, तुमचे गुडघे बघा. तोल गेला तर दोघंही खाली याल. साधं शास्त्र आहे!"

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

हे दुसरी पायरी चढले, आणि मी पहिली.